टाकीवरचा फोन

काळजी करण्याच्या कामावर उभ्या परंडा तालुक्यातून एकच माणूस नेमायचा झाला, तर माझ्या थोरल्या साडूंच्या जवळपास कुणी पोचायचं नाही. सोनारीच्या अलीकडं शेतात त्यांची वस्ती आहे. तिथं मोबाइलला रेंज येते ती फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर, आणि हा शोध साडूंचा. त्यामुळं घरातलं सगळं नेट आपल्याच जिवावर चाललंय अशी त्यांची पक्की समजूत, आणि खरं सांगायचं तर ती खोटी नव्हती. त्यांचा फोन सकाळीच टाकीवर चढायचा. उन्हानं तापून बंद पडू नये म्हणून त्यावर आक्कांची, म्हणजे माझ्या मेहुणीची, प्लास्टिकची चाळण पालथी घालायची आणि चाळणीवर ओलं फडकं. तेव्हापासून त्या घरात भाकरी बिनचाळल्या पिठाची होते. त्या फोनचा हॉटस्पॉट खाली माजघरातला एक जुना राऊटर पकडायचा आणि घरभर वाटायचा. साडू दर तासाला जिना चढून जोडलेल्यांची यादी बघत. एकदा धापा टाकत खाली आले. "घरात तिघं हायत, मग चौथा कोण?" म्हणून गोठ्यापर्यंत शोधून आले. चौथा भिंतीवरचा टीव्ही निघाला. त्याची वायरच त्यांनी उपसून ठेवली. आक्कांना सकाळी कुणी फुलांचं चित्र पाठवलं तरी यांचा जीव वरखाली. "एवढी फुलं उतरायला किती नेट जातं, म्हाईत हाय का?"

अशा माणसाच्या सुनेची ऑनलाइन मुलाखत ठरली. घरी बसून करायची नोकरी, शेवटची फेरी, दुपारी तीनला. दोन वर्षं पोरगी त्यासाठी धडपडत होती. मी परंड्याला कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणून मला धीर द्यायला बोलावलेलं. मी काय धीर देणार, मलाच कुणीतरी धीर द्यायला हवा होता. अडचण एकच होती. त्या फोनवर कॉल आला की नेट गप्प व्हायचं, आणि फोन बंद ठेवावा तर नेटच जायचं. साडूंनी यावर उपाय आदल्या दिवशीच करून ठेवला होता. झाडून सगळ्या पै-पाहुण्यांना फोन करून बजावलेलं, "उद्या तीन ते चार मला फोन करायचा न्हाय." कारण मात्र सांगितलं नव्हतं. नोकरीचं आधी बोललं की दृष्ट लागते ना.

आता आमच्याकडं असं सांगितल्यावर कुणाला चैन पडेल का? तीन वाजून पाच मिनिटांनी व्याह्यांचा फोन. मग चुलत्यांचा. मग बार्शीच्या आत्याबाईंचा. काय झालं, कोण आजारी आहे, सगळं बरं आहे ना, एवढंच प्रत्येकाला विचारायचं होतं. वर साडू टाकीला टेकून एकेक फोन कापत होते, मी त्यांच्या शेजारी. खाली अंगणात आक्का उभ्या. आत मुलाखतीचं चित्र थांबलं की त्या हात वर करायच्या.

पावणेचारला पुन्हा वाजला. नाव नव्हतं, नुसता नंबर. साडूंचा अंगठा तिथंच राहिला.

"धाकट्याचा हाय," ते म्हणाले.

धाकटा भाऊ येरमाळ्याला असतो. बांधावरून बिनसलं, त्याला सात वर्षं झाली. नाव फोनमधून पुसलं, नंबर डोक्यातून गेला नाही. थोरल्याकडं काहीतरी झालंय, हे कुणीतरी त्याच्याही कानावर घातलं असणार. खाली आक्कांचा हात वर गेला.

"दाजी, उचला," मी म्हणालो. "मी खाली जाऊन त्या लोकांना थांबायला सांगतो."

"ती थांबायची न्हाईत, पाव्हणं. पोरीची दोन वर्षं गेलीत ह्यात." आणि त्यांनी फोन कापला.

सूनबाईंना नोकरी लागली, त्याच दिवशी कळलं. त्या संध्याकाळी पेढे वाटायचे सोडून साडूंनी येरमाळ्याला तीनदा फोन लावला. रिंग पुरी वाजली, पण कुणी उचलला नाही. सूनबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मामा, माझ्यामुळं झालं." ते म्हणाले, "तसं न्हाय गं. भाऊ हाय, करंल परत."

आता दिवसभर सूनबाईंचं काम त्या हॉटस्पॉटवर चालतं, त्यामुळं फोन खाली आणता येत नाही. म्हणून साडूच वर जाऊन बसतात, डोक्यावर छत्री धरून. मला ते बघवत नाही. गेल्या महिन्यात मी म्हणालो, "दाजी, नेटसाठी नवा फोन घेऊ, नव्या नंबराचा. हा जुना आता बंद करून टाका."

"नवा घ्या की," ते म्हणाले. "पण ह्यो बंद करायचा न्हाय. धाकट्याला हाच नंबर पाठ हाय."