मामांचे खून आणि बुडालेलं गाव

जुन्नर तालुक्यात सगळ्यात जास्त खून माझ्या मामांनी केलेत आणि आजवर त्यांना एकाचाही जाब कोणी विचारलेला नाही. ते रहस्यकथा लिहितात. इथे भोवती लेणी आहेत, किल्ला आहे, भुयारांच्या अफवा आहेत. दुसऱ्या कोणी प्रेतं तिथंच टाकली असती. पण आंबेगाव तालुक्यातलं मामांचं गाव धरणाखाली गेलं, आणि तेव्हापासून ते जुन्नरच्या पेठेत सायकलच्या दुकानाच्या माडीवर राहून प्रत्येक कादंबरीत त्याच बुडालेल्या गावात कोणाला तरी मारतात. त्यांचा गुप्तहेर संशयितामागे निघाला की चावडी, पिठाची गिरणी, सुताराचं घर असा एकेक उंबरा सांगत जातो. तोवर खुनी घरी जाऊन जेवूनही घेतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मामा टेप घेऊन उघडी पडलेली जोती मोजतात. एकदा चिखलात कमरेपर्यंत रुतले, तर ओढायला आलेल्यांना म्हणाले, "थांबा राव, आधी अंतर लिहून घ्या!"

वाचकही तसलेच. धरणग्रस्त म्हातारे ओतूरच्या स्टँडवर पुस्तक घेत आणि थेट भांडायला येत. "खुनाचं मरू द्या वो, पण गिरणी चावडीच्या डाव्या अंगाला कशी टाकली तुमी? उजवीकडं व्हती!" मामा निमूट लिहून घेत. पुढच्या कादंबरीत गिरणी हलायची. अलीकडे मात्र भांडायला येणारे एकेक करून कमी होत गेले.

मला संताप यायचा. आम्ही पुनर्वसनासाठी पत्रकं काढतो, कचेरीसमोर घसा फोडतो, आणि हा माणूस विषप्रयोग लिहीत बसतो! पत्रकावर सही मागितली तर म्हणाले, "सही घे. पण पोरी, तुझ्या पत्रकात गाव एका शब्दात संपतं. माणसं गल्लीत राहत व्हती." मी त्यांना पळपुटे म्हटलं. त्यांनी चहा टाकला.

परवा मात्र नवी कादंबरी वाचून मीच भांडायला गेले. "मामा, विहीर चुकलीय. ती देवळाच्या पुढं होती, मागं नाही."

ते ताडकन उठले. "मुद्दाम चुकवली व्हती! दोन महिनं वाट बघतोय, कोण भांडाया येतंय. तुला कोणी सांगितलं? गाव आठवणारं कोण हाय अजून?"

माझा जन्म धरणानंतरचा. एखाद्या म्हातारीचं नाव ठोकून देता आलं असतं. "तुमच्याच मागच्या कादंबरीत वाचलं," मी म्हणाले.

मामा हळूच खाली बसले. "तवा तरी बरोबर लिवली व्हती का मी?" ते म्हणाले. "इहीर तर गाळात बुजली. आता कुणाला इचारू?"

एरवी मला कुठल्याही प्रश्नावर मागणी सुचते. तेव्हा मी चहा टाकला.