एकतीस घरांचा एक नंबर

औरंगाबादला मी गेले ती कामासाठी, हे आधीच सांगून टाकते. वेरूळ-अजिंठ्याच्या वर्णनाची वाट पाहणाऱ्यांची निराशा व्हायला नको. राज्यातल्या प्रत्येक वस्तीपर्यंत इंटरनेट कसं पोचवायचं, याचा आराखडा पुण्यात आमच्या कार्यालयात तयार होत होता. आराखडा म्हणजे मुख्यतः याद्या. त्या खऱ्या आहेत की नाहीत, हे पाहायला प्रत्येकाला एकेक जिल्हा दिला होता. दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष आणि त्यात चैत्र, त्यामुळे माझ्याशी जिल्ह्याची अदलाबदल करायला कोणी तयार झालं नाही.

एसटीने नगर सोडलं तशी खिडकीबाहेरची शेतं रिकामी होत गेली. कुठे कापसाच्या पळाट्या (वेचणीनंतर उरलेली वाळकी झुडपं) उभ्या होत्या, कुठे नुसती नांगरट. मग वाळूजचे कारखाने आले, छावणीतली जुनी मोठी झाडं आली आणि एकदम शहर सुरू झालं. जिकडे पाहावं तिकडे बांधकामं. अर्धवट इमारतींवर 'सर्व सुखसोयींनी युक्त' असे फलक होते आणि त्यांच्याच पायथ्याशी टँकरपुढे हंड्यांची रांग. लॉजच्या मालकांनी किल्ली देताना अभिमानाने सांगितलं, "मॅडम, वायफाय फुल है. पानी सुबह एक बाल्टी." मी ज्या कामासाठी आले होते त्याचा निम्मा अहवाल तिथेच तयार झाला असं मला वाटून गेलं.

संध्याकाळी नान-खलिया (मसालेदार मटणाचा रस्सा आणि जाड नान) खाल्लं. रस्सा जिभेला झिणझिण्या आणणारा होता, आणि पाणी मागताना मला उगाच अपराधी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी जालना रोडने करमाडला गेले. जीप शफीकभाईंची, माणसं मोजून बसवायची नाहीत, दाबून बसवायची, अशी त्यांची रीत. मी कशासाठी आले ते ऐकून ते म्हणाले, "रेंज के वास्ते? मेरे को लगा पानी के वास्ते आए." मागे बसलेली माणसं हसली. मीही हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

करमाडच्या पलीकडे टेकाडवस्ती म्हणून मेंढपाळांची एक वाडी आहे. माझ्या यादीत तिच्यापुढे 'कुटुंब एक' असं होतं. दहा घरांपेक्षा लहान वस्त्या तूर्त वगळायच्या होत्या, म्हणजे ती खोडायची आणि पुढे जायचं. पण त्या भागाच्या ग्रामसेवकांनी यादी पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "एक नाय, मॅडम. एकतीस. जाऊन बघा."

उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा शेवटचा मैलभर मी एक पाय फरफटत गेले. वाडीत घरं खरंच एकतीस होती, आणि तीस घरांना कुलूप. एकतिसाव्या घराच्या ओट्यावर पंचेचाळिशीतली एक बाई बसली होती. समोरच्या कडुलिंबाच्या फांदीला शिंकं (टांगायची जाळी) बांधलं होतं आणि त्यात दुधाच्या गाडग्याऐवजी बटणांचा साधा मोबाइल होता. माझ्या चपलेकडे पाहून ती उठली, आत गेली आणि सुतळी घेऊन आली. तिचं नाव ठकुबाई. मी अंगठा बांधेपर्यंत तिने विचारलंही नाही की मी कोण.

"फोन वर का टांगलाय?" मी विचारलं.

"तिथंच रेंज येती. खाली उतरवला की मुका व्हतो."

मग सगळा उलगडा झाला. वाडीतली माणसं मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर असतात. रेशनकार्ड, दाखला, पोरांची शिष्यवृत्ती, सगळीकडे मोबाइल नंबर मागतात. रानात फोन चार्ज कुठे करणार आणि रेंज कुठे शोधणार? म्हणून एकतीसही घरांनी प्रत्येक कागदावर एकच नंबर लिहिला होता, जो हमखास लागतो तो. ठकुबाईंचा. कोणी कुठल्याही तालुक्यात सेवा केंद्रावर उभा राहिला की त्याच्या कामाचा कोड या लिंबाच्या झाडावर येऊन पडतो. मग तो तिथल्या कोणाच्या तरी फोनवरून विचारतो, आणि ठकुबाई आकडे वाचून दाखवते.

"वाचता येतं?"

"आकडे तेवढे येतात. तेवढ्यानं भागतं." मग म्हणाली, "धा मिनटात मरतात ते आकडे. म्हनून कुठं जाता येत नाय."

मी तिथे होते तेवढ्यात वस्तीखाली टँकर आला. तिने दोन हंडे उचलले, दहा पावलं गेली, आणि फोन वाजला. ती परत वळली, फोन काढायला नको म्हणून टाचा उंचावून शिंक्याला कान लावला, आलेला संदेश उघडला आणि सहा आकडे दोनदा वाचले. तोवर शेजारच्या गावचे लोक टँकरवर पोचले होते. तिच्या वाट्याला एकच हंडा आला, तोही गढूळ.

तिने त्यातलं पाणी फडक्यातून गाळून मला चहा केला. भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. मी टॉवरच्या यादीच्या कामाला आलेय, हे तोवर तिला सांगून झालं होतं. मी जेवत असताना ती आपण होऊन बोलली. "दोन वर्सं झाली, म्या मेंढरामागं गेली नाय. कोकरं जन्मली, मोठी झाली, मला एकाचं तोंड ठाव नाय. घरोघर फोन लागाया लागले की म्या सुटंन. तुमचा टावर कवा व्हतोय?"

आता तिला सांगणं भाग होतं की टॉवर होत नाही. संगणकाला एका नंबरची एकतीस कुटुंबं दिसली, तेव्हा त्याने तीस बोगस धरून काढून टाकली. उरलं एक कुटुंब, आणि एका कुटुंबासाठी टॉवर कोण उभारणार? एका नंबराला एकच कुटुंब, असा नियमच आहे.

"कुनी केला नियम?"

"मी," मी म्हटलं. खोटं नव्हतं. शहरातल्या काही वॉर्डांत दलालांनी एकच नंबर टाकून शेकडो नावं भरली होती, ती पकडायला मीच तो सुचवला होता आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं. तिच्या ओट्यावर बसून, तिच्याच घरची भाकरी खाताना मला शरम वाटली.

ठकुबाई रागावली नाही. "मग तुमीच काढा की," म्हणाली.

मला तेव्हा सोपा वाटलेला उपाय असा, की घरोघरचे वेगळे नंबर गोळा करायचे. वाडीची माणसं गंगापूरकडे होती, गोदाकाठी. उसाच्या आणि कापसाच्या मोकळ्या शेतांत मेंढरं बसवायची, शेताला खत होतं आणि शेतकरी धान्य देतो. तिसऱ्या दिवशी एसटीने गंगापूर आणि पुढे जीपने त्यांचा वाडा (मेंढपाळांचा रानातला मुक्काम) गाठला. घोड्यांवरून उतरवलेल्या वाकळा, तीन दगडांच्या चुली आणि अवतीभवती मेंढरांची दाटी. गोदावरीत पाणी कमी होतं, पण होतं. दोन दिवसांनी वाहतं पाणी पाहून मी थोडा वेळ तशीच काठावर उभी राहिले.

ठकुबाईंचे यजमान मारोती तिथे सगळ्यांत वडीलधारे. मी वही उघडली आणि म्हटलं, प्रत्येकाने आपापला नंबर द्या.

"ठकुबाईचाच लिहा," मारोती म्हणाले.

"तो चालत नाही. तुमच्याजवळ फोन दिसतोय की."

"ह्यो बॅटरीसाठी. अंधारात मेंढरू शोधाया. वाजला तर उचलायचा कुनी? लागत नाय तो नंबर द्यायचा कशाला, मॅडम? खोटं व्हतं ते."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. वहीत एकही नंबर पडला नाही. माझ्या नियमात जो बोगस तो त्यांच्या लेखी एकमेव खरा होता, आणि त्यांचं चुकत होतं असं मला छातीठोकपणे म्हणता येईना.

वही मिटताना मी म्हटलं, "ठकुबाईंना इथे यायचंय."

मारोतींनी माझ्याकडे पाहिलं. "तिला? ती घरी हाय, सावलीत हाय. आमाला वाटलं, बरं चाललंय तिचं."

"विचारलं होतं?"

"त्यात काय विचारायचं?"

चुलीपाशी त्यांची भावजय भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "विचारायचं असतं, भावजी. तिच्यासारखं कोकरू सांभाळनारं आपल्यात कोन हाय?" मारोती उठले आणि एका चुकार मेंढरामागे गेले, खरं तर ते मेंढरू फारसं चुकलेलं नव्हतं.

परतीच्या प्रवासात, पुण्याच्या गाडीत, मी अहवाल लिहायला घेतला. कुठे काय नाही हे लिहिण्याची आम्हाला सवय असते. टॉवर नाही, केबल नाही, साक्षरता नाही. टेकाडवस्तीत जे होतं त्याला रकाना नव्हता. एका बाईच्या दोन वर्षांवर एकतीस घरांचं सरकारदरबारी येणं-जाणं चाललं होतं, आणि तिचं स्वतःचं जाणं तेवढं बंद होतं. हे मी जसंच्या तसं लिहिलं. साहेबांनी विचारलं, "नियम काढला तर बोगस कसे पकडणार?" मी म्हटलं, जाऊन. त्यांना उत्तर आवडलं नाही, पण महिनाभर मी तेच देत राहिले. शेवटी नियम बदलला: एका नंबरावर अनेक घरं दिसली तर खोडायची नाहीत, आधी पाहून यायची. टेकाडवस्ती एकतीस कुटुंबांसह यादीत आली. यादीत येणं म्हणजे टॉवर येणं नव्हे, हे या खात्यात पंधरा वर्षं काढल्यावर मला कोणी सांगायला नको.

तरी नव्या यादीवर सही झाली त्या दुपारी मी ठकुबाईंना फोन लावला. लगेच उचलला गेला, पण आवाज पुरुषाचा होता.

"मारोती बोलतोय."

"ठकुबाई कुठे आहेत?"

"ती वाड्यावर गेली. आमी पाळी लावली. एकेका घरानं दोन-दोन महिने फोनपाशी बसायचं. पैली पाळी माझी."

"कसं चाललंय?"

"काय सांगू, मॅडम. तीस वर्सं मेंढरं वळली, पर इतका दमलो नाय. सकाळपासून भाकर ताटात हाय."

मी त्यांना यादीचं सांगितलं. त्यांनी मग विचारलं, "एकतीस?"

"एकतीस."

"हे तिला आधी सांगाया पायजे."

"सांगा की."

"कसं सांगू?" मारोती म्हणाले. "ती मेंढरं घेऊन नदीच्या पल्याड गेलीय. तिथं रेंज नाय."