कुसुममावशींचा डबा

मी सॉफ्टवेअर टेस्टर. घर लंडनच्या हॅरोला, ऑफिस तिथून जवळच ब्रॅकनेलला. एखादा बग पुन्हा करून दाखवता आला नाही, तर मी तो मानत नाही. भुताखेतांचं तर सोडाच. असले अनुभव वाचून मीच निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हणायचे, "लोकांना वेळ बरा मिळतो." आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे... तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

गेल्या जूनमध्ये सासूबाई नागपूरहून आमच्याकडे आल्या. शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या, एरवी एकदम चेष्टेखोर. पण या खेपेला गप्प गप्प. त्यांची थोरली बहीण, कुसुममावशी, हिवाळ्यात गेल्या होत्या. दोघी दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहायच्या आणि चाळीस वर्षं त्यांच्यात एक स्टीलचा डबा ये-जा करायचा. झाकणावर मावशींचं नाव कोरलेलं. रिकामा डबा परत करायचा नसतो, आणि या दोघींनी तो कधी केलाही नाही. मावशी गेल्या तेव्हा डबा आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे होता. मावशींची मुलगी म्हणाली, राहू द्या तुम्हालाच. तेच आईंच्या मनाला लागलं होतं.

"माझ्याकडून परत जायचा राहिला गं," एवढंच म्हणायच्या.

मावशींना बर्फाचे डोंगर बघायचे होते. म्हणून आम्ही ऑस्ट्रिया ठरवलं. आईंनी हॅरोच्या किचनमध्ये बेसनाचे अकरा लाडू वळले, त्या डब्यात भरले. डोंगरमाथ्यावर जाऊन मावशींच्या नावाने खायचे, असा बेत.

तळ्याकाठचं छोटं गाव होतं. लाकडी घरं, प्रत्येक खिडकीत लाल फुलं, मागे मिठाची जुनी खाण. खाणीत आईंनी गाइडला इतके प्रश्न विचारले की तो शेवटी म्हणाला, बाकीची टूर तुम्हीच घ्या. त्या वेळी जरा हसल्या. मला केवढं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी केबल कारने वर गेलो. वर नुसते ढग. समोर पांढऱ्याशिवाय काही नाही.

"हे तर हॅरोतही दिसतं," निखिल म्हणाला.

आई हसल्या नाहीत. डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "धर. आभाळ उघडलं की खाऊ."

आभाळ उघडलंच नाही. शेवटच्या केबल कारची अनाउन्समेंट झाली, आम्ही धावत सुटलो. गेस्ट हाउसवर पोचल्यावर आईंनी विचारलं, "डबा?"

 फोटो काढताना मी तो डोंगरावरच्या बाकावर ठेवला होता. केबल कारच्या ऑफिसला फोन केला, तर वर आता कुणीही नाही, सकाळी बघू म्हणाले. आई "असू दे. तिचाच होता," म्हणाल्या आणि पाठ करून झोपल्या. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी आईंच्या हाकेने जाग आली. "अगं बाप्पा... इकडे या नं दोघं."

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. बाल्कनीच्या दाराला आतून कडी, ती आईंनी नुकतीच काढलेली. बाहेर निळंभोर आभाळ आणि समोर अख्खा बर्फाचा डोंगर, उन्हात चमकणारा. आणि बाल्कनीतल्या टेबलावर डबा.

आईंनी झाकण उघडलं. आत अर्धा लाडू. शेजारी गुळाचा खडा, त्यात खोचलेली एक लवंग.

निखिलने तो खडा हातात घेतला. लहानपणी या डब्याच्या फेऱ्या त्यानेच मारलेल्या. "मावशी खाऊ मोडून अर्धा आईला परत पाठवायची," तो म्हणाला. "आणि गुळाला मुंग्या लागू नयेत म्हणून लवंग खोचायची."

मी टेस्टरच ना! खाली जाऊन मालकीणबाईंना विचारलं. कुणी आलं नव्हतं. त्यांनी गूळ हुंगून मलाच विचारलं, हे काय असतं? मग केबल कारवाल्यांना विचारलं. पहिली केबल कार अजून सुटायची होती. आमच्या सामानात गूळ नव्हता, लवंगही नव्हती. बॅगा मी दोनदा उलट्या केल्या.

वर आले, तर आई खुर्चीत बसून डोंगराकडे बघत तो अर्धा लाडू खात होत्या.

"बेसन जरा कच्चं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "तरी साडेदहा संपवले बाईने." आणि इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या बाल्कनीतलं जोडपंही हसायला लागलं. हिवाळ्यानंतर आई इतकं मोकळं पहिल्यांदाच हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत होत्या. माझेही भरून आले, लपवत नाही.

गूळ त्यांनी तिघांत वाटला. लवंग स्वतः चघळली.

याला माझ्याकडे आजही एक्स्प्लनेशन नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा, मी रागावणार नाही.

आई नागपूरला परतल्या, डबा घेऊन. परवा फोन आला. मावशींना नॉर्वेही बघायचं होतं म्हणे, आई व्हिसाचं बघायला लागल्यात.

"या वेळी रव्याचे करते," आई म्हणाल्या. "आणि डबा तूच धर बरं का. तुला विसरायला छान जमतं."