वानखडे भाऊंचं मानपत्र

ऑफिसातले किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. एक आठवला की त्याच्या मागे दुसरा येतो, आणि हसता हसता एखादा असा निघतो की सांगणाऱ्याचाच आवाज बसतो. माझ्याकडे असे पुष्कळ आहेत, कारण आमच्या शाळेच्या ऑफिसात मी 'वेळ वाचवणारा' म्हणून प्रसिद्ध आहे. कॉम्प्युटरची सगळी बटणं मला येतात. वेळ भरपूर वाचवला. त्याचं काय केलं, ते मात्र विचारू नका!

आमची शाळा जळगाव जामोद तालुक्यातली. ऑफिसात टेबलं दोनच, एक माझं आणि एक हेडक्लार्क वानखडे भाऊंचं. भाऊंचं अक्षर म्हणजे छापील पुस्तकाने मान खाली घालावी असं. शाळेतून कोणी निवृत्त झालं की त्याचं मानपत्र भाऊच लिहीत. आधी त्या माणसाच्या घरी जात, चहा पीत, घरच्यांना चार गोष्टी विचारत. मग लिहायला बसत.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा मला म्हणाले, "राजू, सगळ्याईचे म्या लिहिले. माह्यं तू लिहजो. अक्षर कसंबी असो, पन हातानं लिहजो."

मी म्हटलं, "हो भाऊ, नक्की!"

* * *

आवक-जावक रजिस्टर मी एक्सेलमध्ये चढवलं त्या वेळची गोष्ट. वरच्या ऑफिसातून फोन आला, अमुक पत्र शोधून लगेच पाठवा. मी रुबाबात कंट्रोल एफ दाबलं. "दोन सेकंद, भाऊ!"

दोन सेकंद झाले, दोन मिनिटं झाली. पत्र काही सापडेना.

भाऊंनी डोळे मिटले. "ज्या दिशी सीताराम चहात साखर टाकाले इसरला, त्याच दिशी आलतं ते." त्यांनी जुनं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि पत्राचा नंबर सांगितला. त्या आठवड्याच्या नोंदी मी चढवल्याच नव्हत्या.

"तुह्या डब्ब्यात तेच सापडते बे, जे तू टाकलं!"

सीताराम आमचा शिपाई. साखरेची बदनामी त्याला अजून मान्य नाही.

* * *

मग मी भाऊंना कॉपी-पेस्ट शिकवायला घेतलं. कंट्रोल सी दाबून झाल्यावर ते स्क्रीनकडे बघतच राहिले.

"कॉपी झालं?"

"झालं."

"कुठी हाय?"

"आत आहे, भाऊ. दिसत नाही."

"दिसत नाई तं हाय कशावरून?"

त्यांनी शेजारी कागद ओढला आणि तोच मजकूर हाताने उतरवून घेतला. मी हसायला लागलो आणि नेमकी लाइट गेली! भाऊंनी कागद माझ्यासमोर धरला. "हे घे. माह्यी कॉपी दिसते."

* * *

मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यांची तक्रार अशी की स्टाफचे वाढदिवस लक्षात राहत नाहीत. मी एका दुपारी वर्षभराचे शुभेच्छांचे मेल त्यांच्या नावाने लावून टाकले. ज्याची तारीख येईल त्याला आपोआप जाणार.

सगळं छान चाललं होतं. एका सकाळी मॅडमनाच मेल आला. "आपल्या सेवेचा शाळेला अभिमान आहे. आपली, मुख्याध्यापिका."

मॅडम म्हणाल्या, "चला, मीच माझी आठवण ठेवली!"

सगळे हसले, भाऊ हसले नाहीत. पूर्वी वाढदिवसाच्या दिवशी ते त्या माणसाच्या टेबलाशी जाऊन उभे राहत आणि हात हातात घेत. माझे मेल सुरू झाल्यावर त्यांनी ते बंद केलं. "डबल काऊन करा?" म्हणाले. मला तेव्हा ते पटलंसुद्धा.

* * *

हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

दहावीच्या पालकसभेची पत्रं. पूर्वी भाऊ, मी आणि सीताराम तीन दुपारी बसून नावं लिहायचो. मी मेल मर्ज लावलं, यादीतली नावं पत्रांवर आपोआप पडली आणि चहा येईपर्यंत सगळी पत्रं छापून तयार!

सभेच्या दिवशी एक बाई दारात उभी राहिली. हातात पत्र होतं, चार घड्या घातलेलं. म्हणाली, "सर, यायच्या नावानं पत्र आलं. ते तं गेले दिवाईत. म्या आली तं चालन का?"

माझ्या यादीत वारलेल्या वडिलांचं नाव तसंच होतं. भाऊंनी उठून स्वतःची खुर्ची तिला दिली. ती गेल्यावर एवढंच म्हणाले, "हातानं लिहतानी अशा नावापाशी हात थांबते, राजू."

मी यादी दुरुस्त केली. त्या बाईची माफी मागायची मात्र राहून गेली.

* * *

भाऊंच्या निवृत्तीचा दिवस आला. मी दोनदा कोरा कागद घेऊन बसलो होतो, खोटं नाही सांगत. पण मध्येच ऑनलाइन माहिती भरायचं निघालं, मग तपासणी निघाली. वेळच मिळाला नाही. मला, वेळ वाचवणाऱ्याला!

गणिताच्या पाटील सरांचं मानपत्र भाऊंनी लिहिलं होतं. ते मी शाळेच्या अंकासाठी टाईप केलेलं कॉम्प्युटरमध्ये पडून होतं. आदल्या दिवशी मी ते उघडलं, पाटीलच्या जागी वानखडे केलं, 'रिप्लेस ऑल' दाबलं आणि जाड कागदावर प्रिंट काढली.

मॅडम स्टेजवर वाचू लागल्या. "वानखडे सर, आपण फळ्यावर सोडवलेलं प्रत्येक गणित..." मुलांत खसखस पिकली. "आपली पिवळी स्कूटर गेटातून शिरली की..." आता सगळं मैदान हसत होतं. भाऊ जन्मभर सायकलवर आले.

भाऊंनी कागद हातात घेतला, खिशातून पेन काढलं, गणित खोडलं, स्कूटर खोडली. ऑफिसचा नियम असा की खाडाखोड असेल तिथे सही लागते. त्यांनी दोन्हीकडे सही केली आणि मला स्टेजवर बोलावलं. "तूबी कर."

मी सही केली.

मग त्यांनी माइक घेतला. "पाटील सरांचं मानपत्र लिहाले मले आठ दिवस लागले होते. आज पुन्हा आयकलं. बरं वाटलं."

टाळ्या पडल्या. माझ्याकडे त्यांनी रागाने पाहिलं असतं तर फार बरं झालं असतं.

* * *

भाऊ गावी गेले, पिंपळगाव राजाला. माफी मागायला जाऊ जाऊ म्हणत तीन महिने गेले.

मग एक दिवस पोस्टाने मोठं पाकीट आलं. आत जाड कागद, काळी शाई आणि ते अक्षर. वर माझं नाव. मी कोणासाठी काय केलं, धाकटीला ताप असताना तिला मांडीवर घेऊन मी कसा जागलो, माझ्या बायकोखेरीज कोणालाही ठाऊक नसलेलं बरंच काही त्यात होतं.

घरी जाऊन तिला विचारलं.

"येऊन गेले ना ते, दोनदा," ती म्हणाली. "तुमाले सांगू नोका म्हने."

पाकिटात एक चिठ्ठी होती.

"राजू, तुले रिटायर व्हाले अजून नऊ वर्सं हायेत. तवरोक माहा हात चालन का नाई, म्हनून आताच लिहून ठेवलं. तारखेची जागा कोरी सोडली हाय, तेवढी तू टाक."