अक्काची मशेरी

दुकानात आलेल्या माणसाला अक्का आधी एक बोट दाखवायची. उजव्या हाताचं, सरळ वर. म्हणजे थांबा. तोंडात मशेरी असायची, बोलणार कशी? माणूस पंक्चर झालेली सायकल धरून उभा राहायचा. अक्का सावकाश गटाराशी जायची, थुंकायची, चूळ भरायची आणि मग म्हणायची, "हां, बोला. काय मोडून आणलंत?"

ही माझी थोरली बहीण. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा वारला, मग माझ्याकडे आली. स्वारगेटजवळ माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी चौथी शिकलेला, ती तेवढीही नाही. मी म्हटलं, घरात बसून रडू नकोस, दुकानात येऊन बस. आली, आणि दोन-चार महिन्यांत माझ्यापेक्षा चांगला चाकाचा आऊट काढायला लागली. वाकडं चाक तिच्या हातात गेलं की सरळ होऊनच यायचं. बाई पंक्चर काढते हे बघायला काही लोक मुद्दाम हवा सोडून यायचे, असा मला अजून संशय आहे.

एकदा कोथरूडचे एक गृहस्थ आले. म्हणाले, "अहो बाई, मालकांना बोलवा."

अक्काने बोट दाखवलं. थुंकून आली. "मालक आत चहा पिताहेत. पण त्यांनी काढलेलं पंक्चर उद्या परत काढायला यावं लागेल. बघा, कसं करता?"

मी आत चहा पीत राहिलो. खोटं काय होतं त्यात?

रविवारी सकाळी ती तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि चुरून डबीत भरायची. हीच मशेरी. बायका दात घासायचे म्हणून सुरुवात करतात आणि मग दिवसातून पाच-सहा वेळा घासत बसतात. दात काही एवढे मळत नाहीत, नाद लागतो. तवा तापला की आमची सगळी आळी शिंकायला लागायची. शेजारचे पेन्शनीतले मास्तर खिडकीतून म्हणायचे, "अक्का, आमच्याकडे पाहुणे आलेत. जेवून जाऊ द्याल का त्यांना?"

"आत्ताच गेले तर तुमचाच स्वयंपाक वाचेल, मास्तर."

सोड म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं. "उद्यापासून बंद." माझ्या बायकोने एकदा डबीत बदामाच्या टरफलांची जाळून केलेली पूड भरून ठेवली. अक्काने दिवसभर चकार शब्द न काढता तीच लावली. संध्याकाळी डबी बायकोच्या हातात दिली. "दात झकास निघाले हं. आता माझी मशेरी आण."

मग तिच्या हिरडीला पांढरा चट्टा आला. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, हे बंद करा, नाहीतर जबडा जाईल.

त्यानंतर आली भाऊबीज. दर वर्षी मी ओवाळणीत साडी घालायचो आणि वर तंबाखूची एक पुडी. पान मी स्वतः मंडईत चोळून, वास घेऊन निवडायचो. साडीकडे ती बघायचीसुद्धा नाही. त्या वर्षी मी फक्त साडी घेऊन पाटावर बसलो. अक्काने कुंकू लावलं, निरांजन लावलेलं तबक उचललं आणि माझ्या हाताकडे बघितलं.

"पुडी विसरलास."

"नाही विसरलो."

तिने तबक खाली ठेवलं. "मग बस."

बसलो. ओवाळल्याशिवाय भाऊ पाटावरून उठत नाही, आणि आम्ही दोघं एकाच आईची. तासभर गेला. बायकोने चहा पाटावर आणून दिला. मास्तर डोकावून गेले, म्हणाले, "उत्सवमूर्ती अजून बसलेलीच?" निरांजनात दोनदा तूप घातलं. शेवटी माझे गुडघे हरले. उठलो, कोपऱ्यावर जाऊन पुडी आणली. अक्काने ओवाळलं, माझ्या तोंडात अख्खा लाडू कोंबला आणि म्हणाली, "शहाणं बाळ माझं."

मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. हे लपवून काय करू?

दीड वर्षात तिचा अर्धा जबडा काढावा लागला. पट्टी बांधलेली, बोलणं फक्त माझ्या बायकोला कळायचं. तरी पदर तोंडावर घेऊन दुकानात यायची, चाकं फिरवायची. पुढे तेही होईना. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना हवं ते द्या.

तिने खुणेने मशेरी मागितली. मी म्हणालो, "अजिबात नाही."

तिने हात जोडले. मी ओरडलो, "मरशील अशानं."

मग अक्का बायकोकडे बघून काहीतरी पुटपुटली. बायकोने तोंडाला पदर लावला. "अहो, वन्सं विचारताहेत, अजून किती मरायचं राहिलंय?"

आणि अक्का हसायला लागली. दोन्ही हातांनी पट्टी धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग बायको, मग मी. तिघं वेड्यासारखे हसत होतो. पंधरा दिवसांनी ती गेली.

बायको होती तोवर हे आठवून आम्ही दोघं पोट धरून हसायचो. दोन वर्षांपूर्वी तीही गेली. आता कुणाला सांगायला गेलो, की लोक चेहरा पाडतात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवतात. हसत कुणीच नाही.