आखाजीतली शाल

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी अक्का माहेरी आली ती शाल पांघरून. खानदेशातला आखाजीचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना यात काय चुकतंय ते लगेच कळेल. आमच्या घरातल्या कुणालाच कळलं नाही. सगळे हसले तेवढे.

"इतला उनमा शाल? तुले धुळ्याले देल शे का काश्मीरले?" नाना म्हणाले. नाना म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. घर त्यांचं, मळा त्यांचा, मतही त्यांचंच. वडील त्यांच्यापुढे बोलत नाहीत.

शेजारच्या काकूंनी अक्काचा गाल चिमटीत धरला. "सासरनं तूप अंगले लागनं वं माय!"

अक्काही हसली. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, आवाज घोगरा झाला होता. निंबाला बांधलेल्या झोक्याकडे तिने पाहिलं आणि ओट्यावरच बसून राहिली. लग्नाआधी हीच अक्का झोका इतका चढवायची की आई खालून ओरडायची. आता उठताना तिला भिंतीचा आधार लागत होता. त्यावरही आमच्याकडे मत तयार होतं : आळस.

मी जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे घरी तोंड उघडायची मला भीतीच वाटते. उघडलं की लगेच "आली मोठी डॉक्टरीण". खरं सांगायचं तर डॉक्टरीण मी नाहीच. अंतःस्रावी ग्रंथींचा धडा आम्हाला सरांनी लिहून दिला, आम्ही तो पाठ केला, आणि गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची फुलपाखरासारखी आकृती पेन्सिलीने काढून तिचे मार्क घेतले. ही ग्रंथी खरोखर कुणाच्या तरी गळ्यात असते, हे वर्गात कुणी बोललं नाही आणि आम्हीही कुणी विचारलं नाही. असलं शिक्षण.

पण अक्काला थायरॉइड आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्नाआधीच तिला रोज सकाळची एक गोळी चालू झाली होती. दुपारी सांजोऱ्या तळताना मी हळूच विचारलं, "अक्का, गोळी घेतेस ना?"

तिने झारा फिरवत सांगितलं, "बंद केली. सासूबाई म्हणतात सवय लागते. गरम पडते, म्हणून मूल राहत नाही."

म्हणजे मूल राहावं म्हणून गोळी बंद केली होती. त्याऐवजी एक ताईत बांधला होता आणि चार गुरुवार धरले होते. मी जे पाठ केलं होतं ते नेमकं उलटं होतं : या ग्रंथीचं संप्रेरक, म्हणजे गोळीत असतं तेच, कमी पडलं की थंडी वाजते, पाळी बिघडते, मूल राहणं अवघड होतं. मी तिचा हात धरून नाडी पाहिली. दोन ठोक्यांच्या मधे इतकी जागा होती की पुढचा ठोका येतो की नाही अशी मला धास्ती वाटली. हात गार होता. तोही चुलीपाशी.

चार दिवसांनी दाजी तिला न्यायला येणार होते. गोळी सुरू व्हायची तर त्याआधी, आणि सासरी गेल्यावरही चालू राहायची तर कुणाच्या तरी शब्दावर. माझ्या शब्दाला किंमत किती, ते मला ठाऊक होतं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "नानांना विचार." हेच आमच्याकडचं वैद्यकशास्त्र. शरीराबद्दल नानांना तीन गोष्टी मान्य आहेत : उष्णता, गॅस आणि नजर. बाकी सगळं डॉक्टरांचं पैसे काढायचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना केळीच्या बागेत ठिबकमधून खत सोडत होते. मी चहा घेऊन गेले. टाकीत खत कालवायचं, मोटर चालू करायची, की मेन लाइनमधून, मग बारीक नळ्यांमधून ते पाणी शेवटच्या खोडापर्यंत जातं. टाकीपासून प्रत्येक झाडाला वेगळी नळी नसते. आमच्या धड्यातल्या 'नलिकाविरहित ग्रंथी' मला तिथे, चहा गार होत असताना, पहिल्यांदा समजल्या. ग्रंथीला स्वतःची नळी लागत नाही, कारण रक्त जातंच आहे सगळीकडे. तिने त्यात आपलं खत सोडायचं, हृदयाने ते ढकलायचं. अक्काचं पाणी फिरत होतं. टाकी रिकामी होती. फरक इतकाच की मळ्यात खताचा मोटरीशी संबंध नसतो. अंगात ते खत कमी पडलं की मोटरही मंदावते.

हे सगळं मी नानांना सांगितलं, अडखळत, अर्धं पुस्तकी मराठीत. ते पूर्ण ऐकायच्या आधीच म्हणाले, "रोजनी गोळी म्हंजे सवय लागस. बठ्ठा डॉक्टरेसना धंदा शे."

"मंग केळले खतनी सवय लागत नही का, नाना?"

"केळ आनि बाई एकच शे का?"

"नही," माझ्या तोंडून गेलं. "केळले कोनी अर्धामा सोडत नही."

नानांनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता कॉलेज बंद. पण ते व्हॉल्व्ह फिरवायला निघून गेले.

त्यांच्या परवानगीची वाट न पाहता मी अक्काला बांगड्या भरायच्या निमित्ताने पाचोऱ्याला नेलं. बांगड्यांसाठी कुणी हरकत घेत नाही. रक्त तपासायला दिलं, संध्याकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून विचारलं, "गोळी कुणी बंद केली?"

"मीच," अक्का म्हणाली.

तिचा मला फार राग आला. डॉक्टरांनी पुन्हा तीच गोळी लिहून दिली : उपाशीपोटी, आणि नंतर किमान अर्धा तास चहा नाही.

दाजी आले. मांडे झाले, आमरस झाला. जेवण झाल्यावर सुपारी कातरत नाना एकदम म्हणाले, "पाव्हना, ठिबकमा खत बंद करं तर घड भरस का?"

"नाही भरत, नाना."

"मंग पोरनी गोळी बंद कराले कोनी सांगं?"

 नाना मग रक्त, टाकी, मोटर सगळं समजावत बसले. माझंच उदाहरण, त्यातला मोटरीचा फरकसुद्धा, जसंच्या तसं. वडील मान हलवत होते. काकू म्हणाल्या, नानांना किती समजतं! माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी ताटं उचलत होते.

दाजी एवढंच म्हणाले, "घरी सांगतो." गोळ्यांची पट्टी अक्काने पिशवीत वरच ठेवली. शाल अंगावरच होती. गोळीचा गुण दिसायला काही आठवडे लागतात.

काल तिचा फोन आला. गोळी चालू आहे, पण सासूबाई ती चहासोबतच घ्यायला लावतात. सून सकाळी चहा नाकारते म्हणजे काय, म्हणतात. "तू शिकलेली आहेस," अक्का म्हणाली, "त्यांना काय सांगू?"

रक्तात शोषण कसं होतं, चहाने ते कसं अडतं, हे मी सांगू शकले असते. मांडणी चांगली जमते मला.

"सांग," मी म्हटलं, "अर्धा तास चहा नको असं नानांनी सांगितलंय."