कवटीखालची बदकं

माझ्या मामाची जीभ आमच्या भागात प्रसिद्ध होती, आणि ती बोलण्यासाठी नव्हे. बोलायला तो महाकंजूस. तो खाद्यतेलाच्या डेपोवर टाक्या सांभाळायचा. टँकर आला की व्हॉल्व्ह उघडण्याआधी चमचाभर तेल काढायचा, बोटाने जिभेला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. ड्रायव्हर घाईला आलेले असायचे. ते त्याला चाखेसाहेब म्हणत. "चाखेसाहेब, पोटभर चाखा, पण आम्हाला मोकळं करा." मामा ढिम्म. त्याचं समाधान झालं की मान हलवायचा, मगच पाइप जोडला जायचा.

मामाने लग्न केलं नाही. जेवायला तो आमच्याकडेच असायचा. आमचं घर डेपोमागच्या तळ्याच्या काठावर होतं. वडील गेल्यावर घरात आई आणि मी, दोघीच. आई आणि मामा सख्खी भावंडं, आणि त्यांचा एक नेम होता. चुलीवरचं भांडं खाली उतरवण्याआधी आई पळीभर रस्सा वाटीत घालून मामापुढे धरायची. "दादा, मीठ बघ." मामा चाखायचा, म्हणायचा, "चिमूटभर," किंवा "राहू दे." त्याशिवाय ताटं मांडली जात नसत. मला भयंकर राग यायचा. मी म्हणायचे, "मलाही जीभ आहे." आई म्हणायची, "आहे ना, दिवसभर ऐकतेच आहे."

वडील गेल्यानंतर आईने बदकं पाळली. अंडी चौकातला बेकरीवाला घ्यायचा, त्यावर घरखर्चाचा बराच भाग निघायचा. पण ती केवळ अंड्यांसाठी नव्हती. माझ्याशी बोलली नसेल इतकं आई त्या बदकांशी बोलायची. सकाळी खुराड्याची फळी काढली की ती एकामागून एक डुलत तळ्याकडे निघायची आणि आई मागून सूचना देत राहायची. एक म्हातारी बदकीण लंगडी होती. तिला आई 'मोठ्या बाई' म्हणायची आणि तिच्यासाठी थांबायची.

आता कायद्याचं. तेव्हा कायद्याला तेल म्हणजे तेल. रॉकेल काय, डिझेल काय आणि सोयाबीनचं तेल काय, सगळ्यांना एकाच दोरीने बांधलेलं. शेजारच्या डिझेल डेपोला जे नियम, तेच आम्हाला. टाकीवर लाल कवटीची पाटी. आग विझवण्याच्या फेसाची पिंपं. पामतेल उतरवताना तोंडावर लांब नळीचा मुखवटा, त्यात मामा हत्तीसारखा दिसायचा. आणि डेपोचा नाला तळ्याला मिळतो तिथे पाण्यावर आडवी टाकलेली नारिंगी रंगाची लांबलचक तरंगती नळी, तेल सांडलं तर ते अडावं म्हणून. कामगार तिला साप म्हणायचे.

मामाला सगळ्यात जास्त लागली ती कवटी. मुखवट्याचं त्याला हसू यायचं, कवटीचा मात्र अपमान वाटायचा. "घरोघरी लोक यात तळून खातात," तो म्हणायचा, "आणि वर हाडं काढून ठेवलीत." चाखून पारखलेल्या तेलाला कोणी विष म्हटलं की त्याला तो स्वतःच्या जिभेला लावलेला बोल वाटायचा. मला तेव्हा त्याचं पटायचं, खोटं कशाला बोलू.

पुढे सरकारने म्हणणं ऐकायला सगळ्या डेपोवाल्यांना बोलावलं. मालक मामाला घेऊन गेले. मीही हट्टाने गेले. टेबलापलीकडे पर्यावरण खात्याच्या मॅडम बसल्या होत्या, शांत, चष्मा पुसत ऐकणाऱ्या. मामाची पाळी आली तेव्हा हा शहाणा उठला, पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि सगळ्यांसमोर दोन घोट प्यायला. ओठ पुसून म्हणाला, "डिझेलवाल्यांना सांगा, आता त्यांचं प्या."

सभा हसून हसून बेजार. मॅडमही हसल्या, पण मग म्हणाल्या, "काका, ते वेगळं मोजायला हवं, हे मला मान्य आहे. पण प्रश्न तुमच्या पोटाचा नाहीये. पाण्यात गेल्यावर ते काय करतं, हा आहे." मामा तोवर टाळ्या घेत खाली बसला होता. ते वाक्य त्याने ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

नियम बदलला. खाण्याची तेलं आणि चरबी यांचा वेगळा वर्ग झाला. मुखवटा गेला, फेस गेला, कवटी गेली. त्याच कागदात पुढे लिहिलं होतं की अशा प्रत्येक डेपोने सांडलेलं तेल अडवण्याची आपल्यापुरती व्यवस्था ठरवून ती ठेवावी. मालकांनी पहिला अर्धा भाग मोठ्याने वाचला आणि दुसऱ्या अर्ध्यावर चहाचा कप ठेवला. वेगळा नियम म्हणजे नियमच नाही, असा सोयीचा अर्थ लावून त्यांनी सापही काढायला सांगितला. मामाने तो स्वतःच्या हाताने गुंडाळून शेडमागे टाकला. कवटीची पाटी खांद्यावर टाकून तो घरी आला आणि खुराड्याच्या गळक्या छपरावर ठोकली. पत्रा चांगला जाड होता. आई म्हणाली, "दादा, निदान उलटी तरी लाव." मामा म्हणाला, "राहू दे सुलटी. मांजरं घाबरतील." त्या संध्याकाळी तो आम्हाला पहिल्यांदा इतका बोलका दिसला.

थंडीच्या दिवसांत टँकर रिकामा होत असताना पाइपचा जोड फुटला. व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत पुष्कळ तेल नाल्यात गेलं आणि नाल्यातून तळ्यात. ना वास, ना काळा तवंग. पाणी फक्त जरा जास्त चकाकत होतं. डिझेल असतं तर वासानेच सगळी वस्ती धावली असती. इथे कोणी खिडकीतून डोकावलंसुद्धा नाही.

बदकं वर आली तेव्हा त्यांची पिसं अंगाला चिकटली होती. आई त्यांना बघून घाबरली. तिने पाणी तापत ठेवलं, साबण काढला आणि मला मामाला बोलवायला पाठवलं. मामा आला. तळ्याकाठी वाकून त्याने बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले.

"आपलंच आहे," तो म्हणाला. "सोयाबीन. अगदी स्वच्छ."

"धुवू का यांना?"

"अगं वेडे, खायचं तेल आहे ते. चोचीनं चाटून साफ करतील. या थंडीत धुतलीस तर उगाच गारठून मरतील."

"नक्की ना, दादा?"

"मी चाखलंय ना?"

आईने पातेलं खाली उतरवलं. आयुष्यभर मिठाचा निर्णय ज्याच्या जिभेवर सोडला, त्याच्याच जिभेवर तिने हाही सोडला.

दुसऱ्या दिवशी बदकं पाण्यात उतरली आणि त्यांना तरंगताच येईना. कशीबशी काठाला लागली आणि एकमेकांना चिकटून थरथरत बसली. आईने त्यांना घरात आणलं, पोती पांघरली, शेगडी ठेवली. मामा जमिनीवर बसून एकेकीला फडक्याने पुसत होता. एकेक करत ती माना टाकत गेली. मोठ्या बाई सगळ्यांत शेवटी गेल्या, आईच्या मांडीवर. नंतरच्या दिवसांत तळ्यातले मासे वर येऊन तोंडं वासू लागले आणि पांढरी पोटं दाखवत काठाला साचले.

त्याच मॅडम पाहणीला आल्या. त्यांनी समजावून सांगितलं. तेल कुठलंही असो, पिसांची वीण उसवते, आत गार पाणी शिरतं, पाखरू थंडीने मरतं. विष लागतच नाही. आणि खाण्याचं तेल पाण्यात कुजताना पाण्यातली हवा खाऊन टाकतं, म्हणून मासे गुदमरतात. रागाने नाही, साधेपणाने सांगत होत्या. मालक "आम्हाला काय कल्पना" म्हणत कानांवर हात ठेवून उभे होते. नियमाचा कागद त्यांच्याच कपाटात होता. त्या माणसाचं नाव निघालं की आजही माझं डोकं फिरतं.

आईने एकच विचारलं, "लगेच गरम पाण्यानं धुतली असती तर?"

"साबणानं धुऊन, कोरडी करून घरात उबेला ठेवली असती," मॅडम म्हणाल्या, "तर बरीच वाचली असती."

मामा मागेच उभा होता. आईने मागे वळून पाहिलं नाही. ती एक शब्द बोलली असती, ओरडली असती, तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि स्वयंपाकाला लागली.

त्या दिवशी मामा जेवायला बसला. आईने भांडं उतरवलं आणि सरळ ताटात वाढलं. वाटी पुढे आली नाही. मामाने हात किंचित पुढे केला होता, तो त्याने हळूच मांडीवर ठेवला. त्यानंतर ती वाटी कधीच आली नाही. बाकी सगळं होतं तसंच. दादा म्हणणं, गरम वाढणं, त्याचे कपडे धुणं, कशातही कमी नाही. बाहेरच्याला काही कळलं नसतं. एकदा मीच म्हणाले, "आई, मीठ बघायला दे ना मामाला." ती म्हणाली, "मला अंदाज आलाय आता."

मामा पुन्हा मॅडमच्या त्या टेबलासमोर गेला, या वेळी मालकांना न विचारता. बाटली नव्हती, टाळ्या नव्हत्या. "कवटी लावू नका," तो म्हणाला. "ते विष नाही, हे मी आजही सांगतो. आमचा नियम वेगळाच ठेवा. पण साप काढू देऊ नका. मी चाखत बसलो आणि बहिणीची बदकं मेली." मॅडमनी त्याला पाणी दिलं.

सापाची सक्ती झाली. मामा निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी नाल्यापाशी जाऊन ती नळी नीट आडवी आहे ना, बघून यायचा. तेल चाखणं त्याने सोडलं होतं. रिकामं खुराडं आईने मोडू दिलं नाही, आणि कवटी वरच राहिली, गंजत.

शेवटी मामाची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी मीठ पूर्ण बंद केलं. तो आमच्याच घरी खाटेवर होता, हाडांचा सापळा झालेला. एका दुपारी आई भाज्यांचं सूप घेऊन आली. खाटेशी बसली आणि वाटी त्याच्यापुढे धरली.

"दादा, मीठ बघ."

मामा तिच्याकडे बघत राहिला. "मला विचारू नकोस, बाई. माझ्या जिभेचा भरवसा नाही."

"तू बघ तरी."

त्याने चाखलं आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत गेलं.

"घातलंच नाहीयेस," तो म्हणाला.

"हो रे," आई म्हणाली. "विसरलेच बघ."